पायपुसण्यावरची डहाळी

कॅसलरॉकच्या ठेसनावर अजून सांगतात, की रानातल्या देवानं गुणाच्या स्वप्नात येऊन ती डहाळी दाखवली. सांगणारा आवाज खाली आणतो, डोळे मोठे करतो. सगळं खोटं. गुणाला स्वप्नं पडतात ती फणसाची. डहाळी त्यानं चोरली होती, तीही सख्ख्या बहिणीच्या मनगटावरून.

गुणा बाजारकुणंगचा, नांगर-जू घडवणारा. हिरड्याचे व्यापारी यशवंतराव दर वाक्याआधी घसा खाकरतात. तसे खाकरत ते त्याच्या अंगणात आले. "ख्खं... आमची पोती दुसऱ्यांच्या पोत्यांत मिसळतात रे. हमालांना अक्षरं येत न्हाईत. ख्खं... काहीतरी चित्र कोरून दे, लांबनं ओळखू येईल असं."

गुणानं मोर कोरला, वाघ कोरला. शाईत बुडवून गोणपाटावर उठवला की मोराची कोंबडी व्हायची, वाघाचं मांजर. मग एकदा तो गुंद गावाला थोरल्या बहिणीकडे, बाळीअक्काकडे जेवायला बसला. तिनं वाढायला हात पुढं केला नि गोंदण दिसलं: एक वाकडी डहाळी, दोन्ही अंगांना ठिपके. आईनं मरायच्या आधी काजळानं स्वतः रेखलेली, मग गोंदणारणीनं टोचलेली. आपल्याकडे बायका म्हणतात, दागिने काढून घेतात, चितेवर बरोबर येतं ते गोंदणच. गुणानं मुकाट भात खाल्ला, घरी आला आणि शिवणीच्या लाकडात डहाळी कोरली.

लोंढ्यापर्यंत यशवंतरावांच्या मालाचं नाव 'डहाळीचा हिरडा' झालं. मग आपापला ठसा कोरून घ्यायला तपकीरवाले आले, तेलवाले आले. गुणाचं बघून बाकीचे ठसेवालेही मोर-वाघ सोडून साध्या रेघा नि ठिपके कोरू लागले.

गणपतीच्या चवथीला बाळीअक्का माहेरी आली. दारात चिखल फार, म्हणून गुणाच्या बायकोनं, पुतळीनं, एक फाटकं पोतं उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून टाकलं होतं. अक्कानं पाय उचलला नि तसाच धरला. पोतं बघितलं. मग स्वतःचं मनगट.

"गुण्या, हे आयनं माझ्या हातावर काढल्यालं न्हवं?"

गुणा पोतं ओढून घ्यायला वाकला.

"मागितलं असतंस तर दिलं असतं रे. आता समदा मुलूख आयच्या हातावर पाय पुसतोय."

ती आत आलीच नाही. चिखलातनं माघारी गेली.

त्यानंतर गुणा ठेसनावर मान वर करून चालला नाही. हमाल पोत्यांवर बसायचे, पाय सोडायचे, तंबाखूची पिंक टाकायचे. कुणाचं लक्ष नसलं की हा धोतराच्या सोग्यानं पिंक पुसायचा, आणि कुणी बघितलं तर पोत्याचं तोंड तपासतोय असं दाखवायचा. शेवटी तो यशवंतरावांकडे गेला.

"ठसा परत द्या, सावकार."

"ख्खं... येडा काय रे? गिऱ्हाईक डहाळी बघून माल उचलतं."

"दुसरा देतो. त्याच्यापरीस लांबनं दिसंल."

त्यानं उजव्या तळपायाला काजळी फासली, फळीवर पाय उमटवला आणि कोरला, टाचेच्या भेगांसकट. "पाय पुसायचाच हाय न्हवं? माझ्यावर पुसा." यशवंतराव हसून हसून खरंच खोकले. पण हमालांनी पाऊल डहाळीहून लांबनं ओळखलं. जुना ठसा गुणाला चुलीत घालवेना. गुंदला जाऊन तो त्यानं अक्काच्या तुळशीपाशी ठेवला आणि हाक न मारता परत आला.

पुढची चवथ जवळ आली. मी गुणाच्या शेजारचं पोर, अख्ख्या मुलखाच्या नकला करतो, अक्काचा राग तर मला झोपेतही जमतो. म्हणून खात्रीनं म्हटलं, "गुणाकाका, ती न्हाई यायची. पैज!"

"हरलास तर?"

"शिगम्याच्या होळीपर्यंत कुणाची नक्कल करणार न्हाई."

"लाव," काका खाली बघत म्हणाला. "मलाबी वाटतंय, तूच जिंकशील."

अक्का आली. उंबऱ्याशी नवं पोतं, त्यावर भेगाळलेलं पाऊल. तिनं वाकून भावाच्या टाचेच्या भेगा ओळखल्या. मग तिनं त्यावर एक पाय पुसला, मग दुसरा, मग पहिला पुन्हा, टाचेशी चांगला रगडून. गुणा दाराआड उभा, कान लाल, नजर जमिनीला.

"अजून हाय चिखल," अक्का म्हणाली, आणि परत पुसला. मग आत आली.

ते ती कसं म्हणाली हे करून दाखवायला माझी जीभ नुसती वळवळतेय. पण शिगमा लांब आहे.