न पेटणारा कापूर

आमच्या आष्टीच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडम पांढऱ्या खड्यांच्या एका बाटलीत कुणाला डोकावू देत नाहीत. स्वतः दोनदा हात पुसून बूच काढतात आणि समोरच्याला म्हणतात, "श्वास तिकडं." मी ऑफिसातला क्लार्क. मला हे नखरे वाटायचे. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "फॉस्फरस आणि नायट्रोजनचं कडं आहे हे, भोवती क्लोरीन. ओल लागली की आम्ल सोडतं." एवढंच बोलून टॉवेलाला हात पुसले.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत तराजूची पूजा होती. ऐन आरतीला कापूर संपला. मॅडमनी त्या बाटलीतले थोडे खडे टेबलावर झाकणाच्या वाटीत काढून ठेवले होते; शिपाईमामांनी तेच कापूर समजून आरतीत ठेवले आणि काडी लावली. खडे नुसते वितळले.

"कावून पेटंना हा?" म्हणत मामांनी दुसरी काडी धरली. तोच सगळ्यांचे डोळे झोंबायला लागले, खोकला सुटला. कुणीतरी पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको!" मॅडम ओरडल्या. त्यांचा एवढा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. मामांना मागं ओढून त्यांनी आरती कोरड्या फडक्यानं उचलली आणि धूर ओढणाऱ्या कपाटात बंद केली.

"कुणी केलं हे?" प्राचार्यांनी विचारलं. मामांनी काडेपेटी खिशात घातली.

"वाटीवर नाव मी लिहिलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

दसऱ्यानंतर बघतो तर मिठाच्या बरणीलासुद्धा चिठ्ठी. देवाच्या फोटोखाली नवी डबी होती, तिच्यावरही मॅडमचंच अक्षर: 'कापूर. हा पेटतो.'