तात्पुरती दुरुस्ती

मेतोदी पेलोव कुणाच्या घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला निघाला की स्वतःच्या सपाता घेऊन जायचा. कापडी पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, दोन पेनड्राइव्ह, चष्म्याचं घर आणि टाचा झिजलेल्या तपकिरी सपाता. दारात बूट काढायचे, सपाता घालायच्या, मग आत. लोकांना वाटे, किती टापटिपीचा माणूस आहे. खरी गोष्ट अशी होती की पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता पायात घातल्या, की आपण इथे तासाभराचे पाहुणे आहोत हे त्याला नको तितकं जाणवायचं.

बल्गेरियातल्या विदिनच्या पोस्टात त्याने चोवीस वर्षं टेलिप्रिंटर दुरुस्त केले. ती यंत्रं एके दिवशी भंगारात निघाली आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटरची खोकी आली. खोकी उचलून ठेवायला मेतोदीला बोलावलं होतं. त्याने ती उघडली, सोबतची पुस्तिका वाचली, आणि वर्षभरात पोस्टातल्या सगळ्यांना तोच शिकवू लागला. निवृत्त झाल्यावरही ते काम सुटलं नाही, कारण गावात दुसरं कुणी उरलंच नव्हतं. ज्यांना ही यंत्रं कळत होती ती पोरं सोफियाला गेली, तिथून पुढे आणखी कुठे कुठे. तो राहायचा त्या इमारतीत दारांवर चोवीस पाट्या होत्या आणि माणसं नऊ.

त्याची बायको रोसित्सा इटलीत एका म्हाताऱ्याची सेवा करायला सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला तेरा वर्षं झाली होती. तो म्हातारा वारला, मग दुसरा मिळाला, मग एक म्हातारी. सुरुवातीला ती ईस्टरला यायची. पुढे ईस्टरला तिचा फोन यायचा. घटस्फोट झाला नव्हता, भांडणसुद्धा झालं नव्हतं. कुणी विचारलं तर मेतोदी म्हणे, "तिचं काम आहे तिकडे." आणि विषय बदलायचा.

मार्च महिन्यात एका सकाळी फोन वाजला.

"मेतोदी का? मी वेनेता दिनोवा. शाळेत भूगोल शिकवायचे."

"बोला, बाई."

"बाई म्हणू नका. तुम्ही काही माझ्या हाताखालून गेलेले नाहीत. गेला असता तर फोन उचलल्यावर आधी स्वतःचं नाव सांगितलं असतं."

मेतोदी हसला. घरात आपल्या हसण्याचा आवाज ऐकून त्याला जरा चमत्कारिकच वाटलं.

बाईंची अडचण अशी होती. कॉम्प्युटरने आपल्या मनाने रात्रभर कसलंसं अपडेट करून घेतलं होतं. तेव्हापासून ईमेलचा प्रोग्राम उघडला की पत्रांची यादी दिसायची, आणि दहा मोजेपर्यंत सगळी खिडकी पांढरी पडायची. माउस फिरायचा, पण काही दाबलं जायचं नाही. मग बाई भिंतीवरचं बटण बंद करायच्या. तीन दिवस हेच चाललं होतं.

"बटण बंद करू नका," मेतोदी म्हणाला. "मी येतो."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या वेनेताबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जवळची म्हणावी अशी एक मोठी बहीण, इस्क्रा. ती ऑस्ट्रियात लिंट्सला मुलाकडे राहायची. इस्क्राच्या कानांनी पार साथ सोडली होती, म्हणून तिच्याशी फोनवर बोलणं व्हायचं नाही. इकडे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइलवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची. म्हणून भाच्याने मागच्या भेटीत हा कॉम्प्युटर मांडून दिला होता, आणि ईमेलमध्ये अक्षरं मोठी करणारा एक छोटा प्रोग्राम वरून जोडला होता. बोटाएवढ्या अक्षरांतून दोघी बहिणी एक दिवसाआड एकमेकींना लिहीत.

"ती बहिरी, मी आंधळी," बाई म्हणाल्या. "दोघी मिळून एक धड बाई होते."

मेतोदीने आधी सगळी पत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग भाच्याने वरून जोडलेले सगळे छोटे प्रोग्राम बंद ठेवून ईमेल उघडलं. ते सुरळीत चाललं. म्हणजे दोष त्या जोडलेल्यांपैकी एकात होता. असे पाच होते. एकेक चालू करायचा, ईमेल बंद करून पुन्हा उघडायचं, वाट पाहायची. मधूनमधून बटण बंद केल्यामुळे पत्रांची अनुक्रमणिका बिघडली होती, तीही नव्याने बांधून घ्यावी लागली. तो सगळा वेळ बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि विचारत होत्या. तुम्ही मूळचे कुठले? कोणत्या नदीकाठचे? त्या नदीचं नाव त्याने सांगितल्यावर म्हणाल्या, "ती पूर्वेकडून वळसा घेते. वळणावर गिरणी होती ना?" मेतोदीच्या आजोबांची गिरणी होती ती. गेल्या कित्येक वर्षांत त्या गिरणीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

चार वाजेपर्यंत दोष सापडला. अक्षरं मोठी करणारा तो प्रोग्रामच जुना होता, नव्या अपडेटशी त्याचं जमत नव्हतं. तो काढून टाकायचा आणि ईमेलच्याच सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करायची. पाच मिनिटांचं काम.

तेवढ्यात बाईंनी ओव्हनमधून बानित्सा काढली. पापुद्र्यांतून चीज उकळत होतं. बशी त्याच्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "पुन्हा अडलं तर याल ना? की मी दुसरं कुणी शोधू?"

"येईन की," मेतोदी म्हणाला.

आणि त्याने तो जुना प्रोग्राम काढला नाही. त्या वेळेपुरता बंद ठेवून, अक्षरं तेवढ्यापुरती हाताने मोठी करून ईमेल उघडून दिलं. पुन्हा बंद करून उघडलं की तो आपोआप जागा होणार आणि खिडकी पांढरी पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"सध्या चालेल," तो म्हणाला. "फक्त हे बंद करू नका. उघडंच राहू द्या."

जिना उतरताना त्याने स्वतःला समजावलं की खात्री करून घ्यायला पुन्हा यावंच लागणार होतं, तेव्हा करू. पोस्टात चोवीस वर्षं काम केलं, पण टेलिप्रिंटर अर्धवट ठेवून तो कधी घरी गेला नव्हता. तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याने हा विचार मागे सारला.

नऊ दिवसांनी वीज गेली. दुपारी फोन आला. मेतोदीने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि गेला. या वेळी बीन्सचं सूप होतं. बाईंनी कपाटातून शाळेचा जुना नकाशा काढून टेबलावर पसरला होता, कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. त्या नकाशावर त्याने आजोबांची नदी शोधली. बाई म्हणाल्या, "चुकलात. वर्गात असता तर उभं केलं असतं."

"किती वेळ?"

"घंटा होईपर्यंत."

"मग मी उभाच राहतो," तो म्हणाला. बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. त्याने रोसित्साबद्दलही सांगितलं. तिकडे काम आहे एवढंच म्हणून तो थांबला नाही. ती आता येणार नाही, हे त्याने पहिल्यांदाच कुणापाशी बोलून दाखवलं. बाईंनी सहानुभूती दाखवली नाही, सूप आणखी वाढलं. घरी परतताना त्याला वाटलं, गेल्या तेरा वर्षांत इतकी चांगली दुपार गेली नसेल.

ईमेल पुन्हा तात्पुरतंच चालू केलेलं होतं.

तिसऱ्यांदा फोन आला तो एप्रिलच्या एका गुरुवारी. कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. मेतोदी त्याच क्षणी निघू शकला असता. पण आपण फोनची वाट बघत बसलेले असतो असं बाईंना वाटू नये, म्हणून तो म्हणाला, "दोन-तीन ठिकाणी कामं घेतलीत. सोमवारी आलो तर चालेल?"

"चालवून घ्यायचं," बाई म्हणाल्या. "इस्क्रा समजून घेईल."

कामं कुठेच नव्हती. शुक्रवारी तो नदीकाठी जाऊन बसला. शनिवारी केस कापून आला. रविवारी शर्टाला इस्त्री केली.

सोमवारी त्याने ईमेल उघडलं. साठलेली पत्रं एकामागून एक उतरली, त्यांत चार इस्क्राची होती. बाई चष्मा सावरत पुढे झुकल्या आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचू लागल्या.

पहिलं पत्र गुरुवारच्या संध्याकाळचं. "वेने, घराच्या कागदांवर सही करायला सोफियाला बोलावलंय. बसने येतेय, मुलाने एकटीला सोडलं एकदाचं. शनिवारी दहाला गाडी विदिनला थांबते. तासभर. स्टेशनसमोरच्या बाकावर बसते. पाय सुजलेत, तिथून हलता येणार नाही. काही आणू नकोस. नुसती ये."

दुसरं शुक्रवारचं. "उत्तर नाही, म्हणजे मोतीबिंदू. पण वाचशील. मी निळा रुमाल बांधलाय, नाहीतर तुला दिसायची नाही मी."

तिसरं शनिवार रात्रीचं. ते बाईंनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच आवाज बंद झाला. मेतोदीला ती बोटाएवढी अक्षरं न वाचणं शक्यच नव्हतं. इस्क्राने लिहिलं होतं की ड्रायव्हर भला माणूस निघाला, दहा मिनिटं जास्त थांबला. की तिने एखाद्या पोरीला बाईंच्या पत्त्यावर पाठवायचा विचार केला, पण रस्त्यात एकही पोरगी दिसली नाही. की परतताना मुलगा विमानाने नेणार आहे, तेव्हा आता विदिनवरून जाणं होणार नाही. चौथ्या पत्रात एकच ओळ होती. "तू बरी आहेस ना?"

स्टेशन बाईंच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर होतं.

खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे धपके ऐकू येत होते.

"सहा वर्षं झाली तिला बघून," बाई अखेर म्हणाल्या. मग मेतोदीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनीच त्याची समजूत घातली. "तुम्ही काय करणार. यंत्रच तसलं. तुम्ही तर तीन-तीनदा आलात."

तिथे मेतोदी गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले.

"बाई, यंत्राचं काही नाही. पहिल्या दिवशीच मला दोष सापडला होता. मी तो काढला नाही."

"काढता आला नाही?"

"आला असता."

"मग?"

"काढला असता तर तुम्ही मला पुन्हा बोलावलं नसतं."

बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना त्याचा चेहरा नीट दिसत नसणार, तरी त्या बघत राहिल्या.

"आणि ती कामं? गुरुवारची?"

"नव्हती."

"किती वेळ लागला असता दुरुस्तीला?"

"पाच मिनिटं."

"करा मग," बाई म्हणाल्या.

त्याने केलं. जुना प्रोग्राम काढून टाकला, अक्षरं मोठी केली, कॉम्प्युटर दोनदा बंद करून दोनदा चालू केला. ईमेल दोन्ही वेळा उघडलं, चाललं, अडकलं नाही. बाई शेजारी बसून होत्या, पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. स्वयंपाकघरातून पावाचा वास येत होता. पाव बाहेर आला नाही.

दारात तो बूट घालत असताना त्या म्हणाल्या, "मेतोदी, तुम्ही नुसतं दार वाजवलं असतं तरी मी उघडलं असतं."

दार हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं, असं त्याला जिन्यात वाटलं.

त्यानंतर तिकडून फोन आला नाही, यायचं कारणही उरलं नव्हतं. मे महिन्यात त्याने एक ईमेल लिहिलं. तीन दिवस लिहीत होता, खोडत होता. शेवटी एवढंच पाठवलं, की नवं अपडेट आलं तर होऊ द्यावं, घाबरू नये, आणि आपल्याला फार वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "सूचना मिळाली. वे. दिनोवा." वाईट वाटण्याबद्दल काही नव्हतं. त्याने ते उत्तर बऱ्याचदा उघडून पाहिलं. दोन-तीनदा तो त्यांच्या इमारतीपर्यंत गेलाही. दार वाजवलं असतं तरी, असं त्या म्हणाल्या होत्या. पण ते आधीचं होतं, हे त्याला कळत होतं.

सप्टेंबरमध्ये बाजारात मिरच्या भाजण्याच्या फिरत्या पिंपाजवळ त्या दिसल्या. पिशवी दोन्ही हातांनी धरून रांगेत उभ्या होत्या. मेतोदी पुढे झाला. आधी त्याने स्वतःचं नाव सांगितलं, कारण त्यांना दिसेल की नाही कळेना.

"ओळखलं," बाई म्हणाल्या. "आवाजावरून."

"ईमेल चालतंय ना?"

"चालतंय."

पिंप फिरत होतं. धूर त्यांच्या दोघांच्या मधून गेला.

"जुलैत मी गेले होते लिंट्सला," बाई पुढे बघत म्हणाल्या. "पंधरा तास बसमध्ये. वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून बोललो दोघी. दोन वह्या संपल्या."

"बरं झालं, बाई."

"ती फार वाळलीय."

त्यांचा नंबर आला. मिरच्यांची गरम पिशवी त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवली. "मी नेऊ का घरापर्यंत?" असं मेतोदी म्हणाला, पण पिंपाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. त्यांनी मान हलवली, ती त्याच्याकडे बघून की मिरचीवाल्याकडे, तेही नाही. मग त्या फळीला धरून पायरी उतरल्या आणि आपल्या रस्त्याला लागल्या.

"किती किलो, काका?" मिरचीवाल्याने विचारलं.

मेतोदीला मिरच्या घ्यायच्या नव्हत्या. रांगेत उभाच होता, म्हणून त्याने दोन किलो भाजून घेतल्या. एकट्याला त्या महिनाभर पुरल्या असत्या.