सायव्वाच्या तोंडावरचं वारं

कोमरय्याने उभी हयात बस चालवली. पायाशी इंजिन धगधगायचं आणि पाठीवर शर्ट वाळायचा नाही. निवृत्त झाल्यावर या माणसाने एकच चैन केली. करीमनगरच्या एका वकिलाची जुनी पांढरी गाडी घेतली, कारण तिच्यात एसी होता.

एसी त्याला स्वतःसाठी नको होता. बायकोला, सायव्वाला, ऊन सोसत नसे. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. परकरात होती तेव्हापासून या आतेभावाला ‘बावा’ म्हणायची, नातवंडं झाली तरी तेच म्हणत होती. ती गाडीत शेजारी बसली की तो समोरच्या साऱ्या झडपा तिच्या तोंडाकडे वळवायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. वारं माझ्या मामाच्या पोरीचं, घाम माझा, असं तो ताडीच्या बनात चारचौघांत मान ताठ ठेवून सांगायचा.

पुढे सायव्वाला खोकला जडला. बोलता बोलता धाप लागू लागली. करीमनगरचे डॉक्टर दर पंधरवड्याला बोलवू लागले, आणि नेमकं त्याच वैशाखात गाडीतलं वारं मंदावलं. गार होतं, पण मेलेलं. मागच्या खेपेला खिडकी उघडली तर झळ आत येई, लावली तर जीव घुसमटे. वाटेत सायव्वाचे ओठ निळसर पडले. एसीतला गॅस कमी झाला असणार म्हणून त्याने तो भरून घेतला, तरी वाऱ्यात फरक पडला नाही.

“अन्ना, एवढी मोठी बस हाकलीस, आणि या डबीचा श्वास कुठे अडकला ते कळेना तुला?” शेजारचा ओदेलू म्हणाला.

ते त्याला लागलं. उद्या पुन्हा करीमनगरला जायचं होतं. त्याने गाडी कडुनिंबाखाली घेतली, बॅटरीची तार सोडवली आणि सायव्वाच्या सीटपुढचा कप्पा काढून बाजूला ठेवला. कप्प्यामागे वारं फेकणारा पंखा होता. स्क्रू सुटले तसा तो हातात आला. पात्यांच्या फटी चिखलाने लिंपल्या होत्या. ओदेलू हसला. यावर वांगी लाव, म्हणाला.

मग कोमरय्याने त्या भोकातून टॉर्चचा उजेड आत टाकला. जिथे गार कॉइलच्या पातळ चकचकीत पट्ट्या दिसायला हव्या होत्या, तिथे एक जाड थर होता. वरून काळा, लवदार, मेलेल्या उंदराच्या कातडीसारखा. त्याने बोट लावलं. ओला पापुद्रा सुटून आला आणि खालून पिवळं दिसलं. त्याने वास घेतला. कोंदट कुजका दर्प, आणि त्याच्या तळाशी हळद.

कोमरय्या तसाच वाकून राहिला.

तो मल्लन्ना देवाचा भंडारा होता. दर साल संक्रांतीनंतर तो गाडी घेऊन कोमुरवेल्लीच्या जत्रेला जायचा आणि काच दिसेनाशी होईपर्यंत मुठीमुठीने तिच्यावर भंडारा उधळायचा. घरी आल्यावर बाकीचे फडक्याने पुसत. हा मात्र बादल्यांवर बादल्या ओतून गाडी लख्ख करायचा. भंडारा काचेवरून ओघळायचा आणि काचेखालच्या जाळीतून आत उतरायचा. एसीच्या ओलीत तो बसला, चिकटला, कुजला. आणि त्याच्यावरून येणारं वारं हा माणूस हौसेने कुणाच्या तोंडावर सोडत होता?

ओदेलूचं हसू कधीच थांबलं होतं. खोकला काय, अर्ध्या गावाला आहे, राइस मिलचा कोंडा कुणाला सोडतो, असं तो म्हणाला. खरंही असेल. सायव्वाचा खोकला कोंड्याचा की या भंडाऱ्याचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते न कळणंच कोमरय्याला सलत होतं.

हात मात्र चालत राहिले. मऊ ब्रशने थर सोडवला. ओदेलूने कोरा फवारणीचा पंप आणला, पाणी मारलं. गाडीखालच्या निचऱ्याच्या नळीत तार घातली, तेव्हा आधी काहीच आलं नाही, मग काळंपिवळं पाणी भसकन पायावर पडलं. सगळं जागेवर बसवून त्याने किल्ली फिरवली. वाऱ्याने समोरचं फडकं उडवून मागच्या सीटवर नेलं. एरवी त्याने मिशीला पीळ भरला असता.

सायव्वा ताक घेऊन आली तेव्हा घमेल्यात तो लगदा पडलेला होता. हे काय, तिने विचारलं. खोटं बोलावं असं त्याला वाटलं, पण जमलं नाही. त्याने सारं सांगितलं. ती काडीने लगदा ढवळत राहिली.

“देवाचा आहे, उकिरड्यावर टाकू नकोस. झाडाखाली पूर,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आणि बावा, असं प्रेतासारखं तोंड करू नकोस. विष काय तू जाणून घातलंस मला?”

विष. तो शब्द त्याने स्वतःशीही उच्चारला नव्हता.

सकाळी तिने आपल्या हाताने मागचं दार उघडलं आणि मागे बसली. चार दिवस ते वारं वाहू दे रिकामं, एवढंच बोलली. पुढची सीट मोकळी होती. तिच्यावर गार, जोरकस वारं आदळत होतं, आणि कोमरय्याचा डावा हात गारठत होता. तो आरशातून मागे बघत गाडी चालवत होता.

मानेरू नदीचा पूल यायच्या आधी ती खोकली, एकदाच. त्याने भर उन्हात गाडी कडेला घेतली.

“थांबलास का? उन्हात उभी करून मारणार मला? चल,” सायव्वा म्हणाली. गाडी पुलावर चढली तेव्हा ती हळूच बोलली, “डॉक्टरला आज तू सांगायचंस. सगळं. मी नाही सांगणार.”

कोमरय्याने मान डोलावली. पूल संपेपर्यंत तो मनात सुरुवात जुळवत होता, आणि पहिलाच शब्द त्याला सापडत नव्हता.