चादरीखालचा सौदा

आधीच सांगतो, आमचं घर बौद्ध. उतारे, अंगात येणं असलं सांगणाऱ्यांना मी दारातूनच हाकलतो. तरी हे लिहितोय.

मी बालाघाटजवळच्या लामत्याचा, बैलांचा दलाल. धंदा शून्यातून उभा केला. पहिल्या भावाला आजवर हो म्हटलं नाही. माझी सानू चार वर्षांची. खोकला, धाप, अंग सुकत चाललेलं. बालाघाटच्या एका डॉक्टरने टीबी ठरवला. औषधाने फरक पडेना म्हणून मी भांडलो, तर म्हणतो, "डॉक्टर मैं हूँ कि आप?" त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

शेवटी दुसऱ्या दवाखान्यात भरती केलं. तपासणीचे नमुने नागपूरला गेलेले. सकाळचे अकरा, खिडकीजवळची खाट, सानूच्या तोंडाला ऑक्सिजन. तिला शुद्ध नव्हती. चादरीखाली तिचा हात धरून मी बसलो होतो.

त्या हाताने माझी दोन बोटं दाबली.

गुरांच्या बाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नाही, रुमालाखाली बोटं दाबून करतो. दोन म्हणजे दोन हजार की वीस हजार, हे जनावर बघून समजतं. सानूला हे मी कधी शिकवलं नव्हतं. आणि हात... रुंद, खरखरीत, दोराने घट्टे पडलेला!

सवयीने मी पाच दाबली, म्हणजे अख्खा पंजा धरला. तिकडून तीन. मी चिडून पुन्हा पाच. मग त्या हाताने माझा हात धरून एक झटका. सौदा पक्का.

"अजी, काहून पोरीचा हात पिळून राह्यले?" बायको ओरडली.

मी चादर उचलली. सानूचाच हात, काडीसारखा.

"इथं कोनी आलतं का?"

"कोनी नाही. दोन दिवसांचे उपाशी आहात तुम्ही. जा, काही खाऊन या."

दुपारी रिपोर्ट आले. टीबी नव्हताच. बुरशीमुळे फुफ्फुसांना आलेली सूज – मुलांमध्ये क्वचितच होते म्हणे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी घरात भिजका, बुरसटलेला चारा आहे का विचारलं. पावसात भिजलेलं भाताचं तणस मीच घासाघीस करून निम्म्या भावात आणलं होतं. सानू त्यावरच खेळायची.

स्टेरॉइड सुरू झालं, पोरगी उठून बसली. औषधाने बरी झाली – मान्य. झोप नव्हती, भास झाला असेल – तेही मान्य. पण सौद्यात तिला मिळाले ते पाच काय? पाच दिवस गेले, पाच आठवडे गेले. येत्या सोमवारी पाच महिने होतात. सानू अंगणात पळतेय, आणि तिला खोकला आला की मी बोटांवर दिवस मोजतो.

पंजा लागोपाठ दोनदा धरला की दहा होतात, हे बाजारातलं पोरही जाणतं. मी दर वेळी एकदाच का धरला?