सुमनकाकूचा डावा पाय

भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कुणी बोललं की मी खुशाल त्याची टर उडवायचो. मी तळेगावच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. गेज लावून मोजल्याशिवाय पार्ट पास करत नाही. तेव्हा हे वाचून कुणी माझी टर उडवली तर माझी हरकत नाही. पण घडलं ते असं.

गेल्या वर्षी आईला स्ट्रोक आला. जीव वाचला, पण डावी बाजू गेली. घोरावाडी स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलात, रिहॅब वॉर्डात तिला ठेवलं. तिथं दिवसभर व्यायाम – उभं राहणं, तोल सांभाळणं, आधाराच्या दोन बारच्या मधून चालणं. हात-पाय तर गेलेच होते, पण डावीकडचं सगळंच तिच्या लेखी नाहीसं झालं होतं. ताटातली भाकरी उजवीकडून अर्धी खायची आणि 'संपली' म्हणायची. मी डावीकडे बसलो की विचारायची, "बाळू कुटं गेला?" डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, मेंदू ती बाजू धरत नाही.

फिजिओ मॅडम चिकाटीच्या, पण आईचा डावा पाय काही उचलेना. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं. "व्हीलचेअरसाठी मनाची तयारी ठेवा." जिनं जन्मभर भातखाचरं तुडवली ती बाई खुर्चीत बसणार, हे मला सहन होत नव्हतं.

त्या दुपारी मॅडमनी सहज विचारलं, "आजी, घरी काय काम करायचात?"

"भातलावणी. दुसरं काय?"

आमच्याकडं लावणीला बाया ओळीनं वाकून रोपं रोवत मागं मागं सरकतात. मी तसं सांगितल्यावर मॅडमना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आईला बारच्या मधे उभं केलं. "मग चला, मागं सरका."

आईनं मान डावीकडे वळवली. स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच! तिकडं कुणीही नव्हतं. मी उजवीकडं होतो, मॅडम समोर. त्या रिकाम्या जागेकडं बघून आई हसली.

"आलीस व्हय सुमे? लय उशीर केलास." मग थोडं थांबून, "व्हय ग, उचलते. तू धर."

आणि पाय उचलला गेला. मागं पडला. पुन्हा उचलला – चिखलातून काढावा तसा, आधी टाच. मी रडत होतो.

सुमन म्हणजे माझी चुलती. गावी आमच्या शेजारच्याच घरात राहते, अगदी ठणठणीत. लग्न होऊन आली तेव्हापासून लावणीत तिची जागा आईच्या डाव्या हाताला. जुनी आठवण जागी झाली असेल, असं मॅडम म्हणाल्या. मलाही पटलं. ही आनंदाची बातमी द्यायला घरी फोन केला.

बायको म्हणाली, "अहो, इकडं सुमनकाकू दुपारी धुणं वाळत घालताना मटकन खाली बसल्या. डावा पाय उचलेचना. आता बऱ्या आहेत, चहा घेतायत."

योगायोग म्हणून सोडून दिलं. आई मागं सरकता सरकता पुढंही चालायला लागली. पण ती चालली की तिकडं काकूचा पाय जायचा, बायको फोनवर सांगायची. शेवटी माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. मॅडमना सांगून व्यायामाची वेळ ऐनवेळी बदलली, घरी कळवलं नाही. फक्त बायकोला फोन लावून म्हटलं, "काकूंकडं बघत राहा."

आईनं पाऊल टाकलं. "अहो, गेला पाय!" फोनमधून आवाज आला. आई खुर्चीत बसली. "आला, आला परत!"

मी लगेच रजा टाकली.

काकूला पुण्याला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल. वयानं होतं, डॉक्टर म्हणाले.

आई चालत घरी आली. दारात काकूनंच चौकटीला टेकून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नंतर तिला गोठ्यामागं एकटीला गाठून विचारलं, "काकू, हे काय चाललंय?"

"मला कुटं कळतंय बाळू? पायात गारवा चढतो, चिखलात उभं ऱ्हायल्यावानी. तवा तिकडं आक्का चालती, येवढं कळतं."

"मग आईला सांगूया ना..."

"खबरदार! तिला कळलं तर ती पाऊल टाकायची न्हाई. वळखत न्हाईस व्हय तिला?"

ओळखतो. म्हणूनच आजवर सांगितलेलं नाही. खरं सांगायचं तर मला आई चालायला हवी आहे. काकूचे हाल मात्र बघवत नाहीत.

आता आई रोज सकाळी काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाते. तिनं काठी उचलली की काकू ओट्यावर बसून घेते. काल आई देवळाच्याही पुढं, ओढ्याकडं निघाली. मी हाक मारून तिला थांबवणार, तोच काकूनं दोन्ही हातांनी आपला पाय उचलून सरळ केला आणि मला दटावलं –

"जाऊ दे रं. लय दिसांनी निघालीय."