तांब्याभर पाणी

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मी कल्याणला पोलीस शिपाई होतो. माझ्या जोडीदार शिपायावर मी नुसता जळायचो. भांडणं सोडवताना मार मलाच बसायचा, त्याला कुणी बोटही लावत नसे. चिडून कारण विचारलं, तर म्हणाला, "अरे, दारात गेलो की आधी पाणी मागतो. ज्याला पाणी पाजलं, त्याच्यावर कोण हात उगारेल?"

एवढंच ना! ठाकुर्लीला दोन भावांची मारामारी सोडवायला एकटाच गेलो आणि पाणी मागितलं. थोरल्याने तांब्या भरून दिला. तेवढ्यात त्यांची जात आठवली, आणि मी तो न पिताच खाली ठेवला. थोरल्याने तोच उचलून माझ्या कपाळावर हाणला.

दुसऱ्या दिवशी जोडीदार तिथे जाऊन, त्याच चेपलेल्या तांब्यातून पाणी पिऊन आला. वर मला सांगतो, पाणी गोड आहे!