विमानाच्या खिडकीचं शटर

माझ्या मामाने एका माणसाचा गळा आवळला, तेव्हा आमचं विमान उतरत होतं. भांडण खिडकीच्या शटरवरून झालं. मी शेजारच्याच सीटवर होते आणि मामाचं रक्त माझ्या ओढणीवर उडालं होतं.

आम्ही बंगळुरूहून परत येत होतो. मामाच्या मुलीचं बाळंतपण झालं होतं. मामी तिकडेच थांबली आणि मामाला घरी आणायचं माझ्यावर आलं. मी खांदेश्वरला राहते, मामा उलव्याकडच्या नव्या वसाहतीत. त्याचं मूळ गाव आता नाही. नवी मुंबईचं विमानतळ झालं त्यात ते गेलं. घरं रिकामी करायची वेळ आली तेव्हा मामाने पाडायला आलेल्या मशीनला आपल्या घराला हात लावू दिला नाही. घण घेतला आणि स्वतःच्या हाताने ते पाडलं. कुणाला जवळ येऊ देईना. पडवीची भिंत कोसळताना त्याचा खांदा निखळला, तरी दुसऱ्या हाताने घाव घालत राहिला. आई मला म्हणाली होती, "भीती वाटली गं त्याची. माणूस मारत असल्यासारखा मारत होता."

तर परतीचं विमान याच विमानतळावर उतरणार होतं. मामाने खिडकीची सीट मागून घेतली होती. जाताना पहाट होती, काही दिसलं नव्हतं.

आमच्या वाट्याला आलेली खिडकी अर्धी पुढच्या रांगेत जात होती. पुढे पन्नाशीचा एक गृहस्थ होता, इस्त्रीचा शर्ट, मोबाइलवर काहीतरी बघत बसलेला. ऊन येतंय म्हणून त्याने शटर खाली ओढलं. मामाने वर केलं. त्याने पुन्हा ओढलं. असं दोन-तीनदा झाल्यावर तो मागे वळून म्हणाला, "काका, डोळ्यावर येतंय ना. कळत नाही का?"

मामा शांतपणे म्हणाला, "जरा वेळ र्‍हाऊ दे. खाली माजा गाव हाय."

"कसला गाव? खाली रनवे आहे," तो म्हणाला आणि शटर खाली घेतलं.

मामाचा जबडा हलायला लागला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. हात दगडासारखा झाला होता.

मग विमान उतरायला लागलं. सगळ्यांनी शटर उघडा, अशी घोषणा झाली. हवाई सुंदरी स्वतः येऊन आमचं शटर वर करून गेली. मामा काचेला नाक लावून बसला, बोटं खिडकीच्या कडेवर. खाली खाडीचं पाणी दिसायला लागलं होतं. "ती बग," तो मला म्हणाला, "ती आमची—"

पुढच्या माणसाने शटर खाडकन खाली आपटलं. मामाची बोटं खाली होती. मधल्या बोटाचं नख मुळापासून उखडलं.

मामाने पुढे हात टाकून त्या माणसाच्या डोक्यात मागून जोरात चापट मारली. तो पट्टा काढून सीटवर गुडघे टेकून उलटा वळला आणि मामाच्या तोंडावर बुक्का मारला. मामाचा चष्मा तुटला, काच त्याच्या भुवईत घुसली. दुसरा बुक्का ओठावर. मी त्या माणसाचा हात धरायला गेले तर त्याचं कोपर माझ्या गालफडात बसलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. हवाई सुंदरी तिच्या जागेवर पट्ट्यात बसलेली, तिथूनच ओरडत होती, "सिट डाउन! सर, सिट डाउन!" तो पुढे वळून खाली बसला.

तेवढ्यात मामाने सीटच्या दोन्ही बाजूंनी हात घातले, त्याच्या गळ्यापुढे बोटांत बोटं अडकवली आणि मागे ओढलं. आयुष्यभर जाळी ओढलेले हात. तो माणूस पाय झाडायला लागला. त्याच्या घशातून जो आवाज येत होता तो मी आजही विसरलेले नाही.

"मामा, सोड. मरेल तो."

मामाला ऐकूच येत नव्हतं. भुवईचं रक्त डोळ्यांत जात होतं आणि डोळे उघडेच होते. मी त्याची बोटं उलगडायला लागले, पण उखडलेल्या नखामुळे माझा हात रक्ताने घसरत होता. चाकं जमिनीला लागली, सगळं विमान हादरलं, तेव्हा कडेच्या सीटवरच्या तरुणीने पट्टा सोडला, माझ्या अंगावरून झेपावली आणि मामाच्या मनगटाला कडकडून चावली. तेव्हा हात सुटले. पुढचा माणूस वाकला आणि ओकला.

खाली पोलीस उभे होते. दोघांना एकाच खोलीत बसवलं. डॉक्टरने मामाच्या भुवईला आणि ओठाला टाके घातले. त्या माणसाच्या गळ्यावर बोटांचे जांभळे वळ उठले होते, बोलताना आवाज फाटत होता. पोलीस साहेबांनी मामाला विचारलं, "एवढं काय होतं हो बाबा, त्या खिडकीत?"

"मना जागा बगाची व्हती," मामा म्हणाला.

त्या माणसाने म्हाताऱ्यावर आणि बाईवर हात उचलला होता, मामाने तर त्याला मरायलाच टेकवलं होतं. दोघांनीही तक्रार केली नाही. विमान कंपनीने दोघांवर बंदी घातली. जाताना तो माणूस माझ्यापाशी थांबला, गळ्याला हात लावत म्हणाला, "माझं चुकलं असेल. पण ते मला मारणारच होते, मॅडम." मी नाही म्हणू शकले नाही.

कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. वसाहतीतल्या पोरांनी त्या व्हिडिओला गाणं लावून ग्रुपवर फिरवलं. पुढे एका हळदीला त्यांनी मामाला मधोमध बसवलं आणि मोठ्या पडद्यावर तेच चालू केलं. शिट्ट्या वाजल्या. पडद्यावर तो माणूस पाय झाडत होता. मामाने उठून प्रोजेक्टर स्टुलावरून खाली ढकलला. काच फुटली, बेंजोवाल्यांचं वाजवणं थांबलं.

"तो मानूस मेला असता," मामा म्हणाला. "हसता काय?"

मग चपला शोधून तो घरी गेला. मी मागोमाग गेले. रस्त्यात तो एकदाच बोलला, माझ्या गालाकडे बघून, "तुला लागला व्हता ना, बाय?" तोवर माझी सूज उतरूनही बरेच दिवस झाले होते.